टॅटू: काय काढायचं ते शेवटी ठरवा

टॅटू काढायला येणारा माणूस मोबाइल पुढे करतो, डिझाइन दाखवतो आणि किती होतील ते विचारतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे हे काम करणारे आम्ही लोक त्याला उलट विचारतो, की पोटापाण्याला काय करता आणि पुढचा महिनाभर कुठे असणार आहात? ट्रॉलरवर जाणारा खलाशी, आंब्याच्या बागेत राबणारा, भरतीची तयारी करणारा पोरगा आणि मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला चाकरमानी, या चौघांना एकच डिझाइन हवं असलं तरी चौघांना सल्ला वेगळा द्यावा लागतो. आधी कुठे, मग केवढं, मग कधी, आणि काय काढायचं ते सगळ्यात शेवटी, असा क्रम इथे लावलेला बरा.

जागेचा निर्णय चुकला तर तो सगळ्यात महाग पडतो, कारण इकडची बरीच पोरं सैन्यात, नौदलात, कोस्ट गार्डमध्ये नाहीतर पोलिसांत जायचं म्हणून रोज पहाटे धावत असतात. लष्कराच्या भरतीत कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. काही आदिवासी समाजांना प्रथेप्रमाणे सूट आहे, ती सगळ्यांना नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत नियम आणखी आवळलेला आहे: सॅल्यूटचा हात सोडून डावा हात, आणि आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी. दंडावरचा वाघ किंवा मानेवरचा त्रिशूळ मेडिकलला अडकतो, धावण्यात पहिला आलात तरी. आणि 'लेझरने काढू' हे जाहिरात निघाल्यावर जमत नाही. काळ्या शाईलासुद्धा बऱ्याच बैठका लागतात, दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहण्याचा धोका वेगळा. अधिसूचना स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. वय अठरा पूर्ण नसेल तर विषयच नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीची सही धरली जात नाही, त्यामुळे संमतीपत्राला कागदाचीही किंमत उरत नाही.

बोटांच्या कडा, तळहात आणि तळपाय इथली कातडी इतकी झिजते की शाई वर्ष-दोन वर्षांत तुटक होते. पावलावर चपलेचा पट्टा घासतो तिथेही तेच. बरगड्या, कोपराची आतली घडी आणि घोटा या दुखणाऱ्या जागा. दंडाची बाहेरची बाजू आणि पोटरी पहिल्या टॅटूला सोप्या. देवाचं चित्र कमरेखाली काढायला आमच्यातले बरेच जण नाही म्हणतात. ज्याला काढायचंय त्याची हरकत नसते, पण गावच्या देवळात पालखीला खांदा देताना चार माणसं बोलणार, हे त्याला तेव्हा सुचत नाही.

जागा ठरवण्याआधी डाव्या दंडावरची बीसीजी लसीची खूण बघा. ती सपाट किंवा खोलगट असेल तर ठीक. उचललेली, गुळगुळीत, मूळ जखमेबाहेर पसरलेली आणि मधूनच खाजणारी असेल, तर तुमच्या कातडीला केलॉइड करायची सवय आहे. अशा माणसाने छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग सोडून द्यावा, आणि खरं तर टॅटूच सोडून द्यावा. कान टोचल्यावर गाठ आली होती का, हा दुसरा प्रश्न. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, सोरायसिस असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टर, मग आम्ही. टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही नेमाने रक्त देणाऱ्यांनी धरून चालावं.

आता आकार. इथे देवनागरी अक्षरं लोकांना फसवतात. शाई अंतस्त्वचेत, म्हणजे एक ते दोन मिलिमीटर खोल बसते, आणि तिथून ती वर्षानुवर्षं बारीक पसरत राहते. आज अर्धा मिलिमीटर असलेली रेघ काही वर्षांनी जवळपास दुप्पट जाड दिसू शकते. इंग्रजी अक्षर ते पचवतं, आपलं पचवत नाही. 'भ' आणि 'म' यांत फरक काय, तर डोक्यावरच्या रेघेतली फट आणि एक बारीक वळण. 'ध' आणि 'घ' यांतही तेच. ती फट भरली की मनगटावरच्या 'शुभम'चा 'शुमम' होतो आणि 'साधना'ची 'साघना'. म्हणून मात्रा-वेलांट्या सोडून नुसतं अक्षर किमान एक सेंटिमीटर उंच ठेवा, जोडाक्षर असेल तर त्याहून मोठं. अनुस्वाराचा टिंब रेघेपासून सुटा दिसेल इतका वर. मनगटावर चार मिलिमीटरच्या अक्षरांत आई-बाबांची नावं पहिल्या दिवशी फोटोला छान येतात, पुढे त्यांची निळसर माळ होते.

राजमुद्रेची मागणी इकडे कायम असते. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' पासून 'राजते' पर्यंत बत्तीस अक्षरं, त्यात च्चं, ष्णु, र्वि, श्व, स्यै असली जोडाक्षरं, आणि हे सगळं अष्टकोनात बसवायचं. दीड इंचात हे होत नाही, कोणी कितीही सांगो. दंडावर किंवा पोटरीवर चार इंच जागा द्यायची तयारी असेल तरच पूर्ण मजकूर घ्या. नसेल तर नुसता अष्टकोन आणि चंद्रकोर काढा, वाचता न येणाऱ्या मुद्रेपेक्षा ती शंभरपट बरी.

शुद्धलेखनाचं तर विचारू नका. 'आशीर्वाद'चं 'आर्शिवाद' हा नेहमीचा घोळ. दुसरा घोळ कॉम्प्युटर करतो: डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे उडी मारते, 'श्री' फुटून श, पाय मोडल्याची खूण आणि री असे तुकडे होतात. कलाकाराला मराठी वाचता येत नसेल, आणि किनाऱ्यावर हंगामापुरते येणारे अनेक जण बाहेरचे असतात, तर त्याला ते चित्र म्हणून बरोबरच वाटतं. मजकूर कागदावर स्वतःच्या हाताने लिहून न्या आणि स्टेन्सिल, म्हणजे सुईआधी कातडीवर उमटवतात तो डिझाइनचा ठसा, लागल्यावर अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचा. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघू नका, त्यात सगळं उलटं दिसतं आणि उगाच धाबं दणाणतं.

कधी काढायचं, याचं उत्तर कोकणात पंचांग बघून द्यावं लागतं. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. वरची कातडी जुळायला दोन ते चार आठवडे जातात, खालची नीट व्हायला दोन-तीन महिने. त्या पहिल्या चार आठवड्यांत खारं पाणी, नदी, तळं, चिखल आणि कडक ऊन यांच्यापासून लांब राहता येणार असेल तोच तुमचा मुहूर्त.

लावणीच्या दिवसांत तर मुळीच नको. शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू येतात आणि फुटलेल्या कातडीतून शिरतात. पायावर नवा टॅटू घेऊन चिखलात उतरणं म्हणजे त्यांना दार उघडून देणं. खाऱ्या पाण्याचं भय वेगळ्या जंतूचं आहे. मेक्सिकोच्या आखातात टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी पोहलेल्या एका माणसाला व्हिब्रिओ व्हल्निफिकसचा संसर्ग झाला आणि तो दगावला, अशी नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याचं यकृत दारूने आधीच खराब होतं. हा जंतू कोमट खाऱ्या पाण्यात आणि शिंपल्या-कालवांत राहतो. म्हणून फक्त पोहणाराच नव्हे, कालवं फोडणारी आणि कोलंबी सोलणारी बाईही यात आली. हातावर टॅटू असेल तर जखम भरेपर्यंत ते काम दुसऱ्याकडे द्यायचं.

खलाशांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी बरी वाटते, कारण हात मोकळे असतात. चालतं, पण शेतीही करत असाल तर नाही. पावसाळी दमटपणात स्टेन्सिल वाळत नाही, घामाने पुसट होतो. एरवी दहा-पंधरा मिनिटं पुरतात, तिथे आम्ही अर्धा तास पंख्याखाली बसवतो. शिवाय वीज जाते. बॅटरीवरचं मशीन आणि इन्व्हर्टर नसलेल्या ठिकाणी जुलैत लांब काम घेऊ नका, अर्ध्यावर थांबलेली रेघ दुसऱ्या दिवशी जुळवताना जाडी बदलते.

एप्रिल-मे हा आंब्याचा. देठाजवळचा चीक धडधाकट कातडीही भाजतो, काजूच्या बियांच्या टरफलातलं तेल त्याहून जहाल. बागेत किंवा काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी हंगाम संपेपर्यंत थांबावं. शिमग्यात रंग आहे. गणपतीला चाकरमानी येतात, दुसऱ्या दिवशी टॅटू काढतात आणि विसर्जनाला कमरेइतक्या पाण्यात उतरतात. त्यांना आम्ही परत पाठवतो, हवं तर मुंबईला जाऊन काढा म्हणून. लग्नाआधी जोडीदाराचं नाव काढायचं असेल तर हळदीच्या किमान सहा आठवडे आधी; ताज्या टॅटूवर हळद, तेल आणि दहा बायकांचे हात एकदम येऊन चालत नाहीत. मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी येणाऱ्यांनी आधी डुबकी मारून घ्यावी आणि परत निघायच्या दिवशी टॅटू काढावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सगळ्यांना सोयीचे.

आता टेबलावर काय होतं ते. आदल्या दिवशी दारू नको, पोटभर जेवून या, रिकाम्या पोटी चक्कर येते. जागेवरचे केस एकदाच वापरायच्या रेझरने काढतात, साबणाच्या पाण्याने पुसतात, स्टेन्सिल लावतात. इथे उठून उभे राहा आणि हात सैल सोडा. टेबलावर आडव्या ठेवलेल्या हातावर सरळ दिसणारी ओळ हात खाली सोडला की पीळ पडून तिरकी होते. स्टेन्सिल पुसून दोनदा-तीनदा लावायला सांगायला लाजू नका, सुई लागल्यावर ती सोय नाही.

सुईची कार्ट्रिज तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे. पाकिटावर मुदत आणि निर्जंतुकीकरणाची खूण असते, ती वाचा. शाई बाटलीतून छोट्या टोपीत ओततात आणि उरलेली फेकतात. ती परत बाटलीत जाताना दिसली तर उठून या. करड्या छटेसाठी काळी शाई पातळ करतात, ती निर्जंतुक पाण्यानेच. विहिरीचं, नळाचं, बाटलीबंद पिण्याचं पाणीही चालत नाही. त्यातले काही जंतू पोटाला काही करत नाहीत, पण कातडीखाली गेले की महिनाभराने लाल पुळ्या उठवतात आणि त्यांची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइल उचलला तर मोजे बदलायला सांगा. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात जाते, कचऱ्याच्या पिशवीत नाही. जत्रेतल्या टेबलावर एकच सुई आणि एकच शाईची वाटी रांगेतल्या सगळ्यांना फिरत असेल तर हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका खराखुरा आहे, मग ते शंभर रुपयांत होत असो की फुकट.

दुखतं. पहिली पाच-दहा मिनिटं सगळ्यात जास्त, मग कातडी बधिरते, आणि दोन-अडीच तासांनी शरीर थकून पुन्हा कुरकुरायला लागतं. म्हणून पहिला टॅटू दोन तासांत संपेल एवढाच घ्या. बधिर करणारं क्रीम घरून थापून येऊ नका. कातडी स्पंजासारखी होते, शाई नीट धरत नाही, आणि मोठ्या भागावर जास्त क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं तर ते औषध रक्तात जाऊन हृदयाला त्रास देऊ शकतं. रंगांबद्दल एवढंच, की गव्हाळ-सावळ्या कातडीवर पिवळा आणि फिके रंग मातकट दिसतात, आणि ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगाची येते. पहिला टॅटू काळा.

घरी गेल्यावर पहिल्या दिवशी शाई मिसळलेला चिकट स्राव येतो, तो कोमट पाणी आणि सौम्य साबणाने दिवसातून दोन-तीन वेळा धुवायचा, टिपून कोरडं करायचं. मलम लावायचं ते चमक येईल न येईल इतकंच. आपल्या हवेत लोकांचं चुकतं ते इथे: जाड थर लावतात, वर घाम, वर कपडा, आणि तिसऱ्या दिवशी बारीक पुरळ. टॅटू झाकायला लावतात ती चिकटून राहणारी पातळ फिल्म थंड हवेत पाच दिवस राहते, इथे तिच्याखाली घाम साचला किंवा कड सुटली की काढून टाका. चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास पापुद्रे सुटतात आणि खाज येते. सोलायचं नाही, खाजवायचं नाही. जिथे खपली ओढली तिथे शाई निघून पांढरा ठिपका राहतो. घरची हळद, खोबरेल, कडुलिंबाचा पाला हे प्रेमाने लावलं जातं, पण जखमेवर लावायला यातलं काहीही निर्जंतुक नसतं. पहिले दोन-तीन दिवस लाली आणि सूज असणारच. ती तिसऱ्या दिवसानंतर वाढत असेल, लाल रेघ वर सरकत असेल, पू किंवा ताप असेल, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा. समुद्रात गेला असाल तर ते आधी सांगा, औषध त्यावरून बदलतं.

दुसऱ्याच्या टॅटूशी कसं वागावं हे मात्र कुणी शिकवत नाही. एसटीत शेजारी बसलेल्याचा हात उचलून बघणारे भेटतात. हात लावायचाच नाही, आणि नवा असेल तर मुळीच नाही. 'किती घेतले', 'पुसता येतो का', 'नोकरी कशी लागणार' हे तिन्ही प्रश्न त्या माणसाने ठरवण्याआधी उपयोगाचे होते. घरची आजी 'ह्या काय करून इलंस?' म्हणते तो तिचा हक्क, पण वाडीतल्या प्रत्येकाला तो मिळत नाही. नाव असेल तर 'कोण ती?' विचारू नका. गेलेल्या मुलाचं असू शकतं, तुटलेल्या लग्नाचंही. टॅटूखाली ऑपरेशनचा किंवा भाजल्याचा व्रण दिसला तर नजर तिथून काढा. तो झाकण्यासाठीच तर खर्च केलेला असतो. किनाऱ्यावर एखाद्या बाईच्या पाठीवरच्या टॅटूचा फोटो न विचारता काढणं हा असभ्यपणाच आहे, टॅटू दाखवायलाच काढलाय ही सबब चालत नाही.

चूक दिसली तर सांगावी का? आमचं मत असं: आठवडाभरातला नवा असेल आणि अनुस्वार किंवा मात्रा राहिली असेल, तर एकट्याला गाठून सांगा, टच-अपच्या वेळी ती घालता येते. जास्तीची रेघ असेल तर ती काढता येत नाही, फक्त दुप्पट-तिप्पट मोठ्या गडद चित्राखाली झाकता येते, तेव्हा विचारल्याशिवाय बोलू नका. कुणाचं खास त्याच्यासाठी काढलेलं डिझाइन आवडलं तर त्याला विचारा, आणि जसंच्या तसं मागू नका.

आजीच्या हातावरचं गोंदण आपल्या हातावर हवं, असं सांगत हल्ली बऱ्याच नाती येतात. यात आधी आजीला विचारायचं. काहींना ते अभिमानाचं असतं, काहींना लहानपणी धरून बसवून गोंदल्याची आठवण नकोशी असते. ती हो म्हणाली तर तिचा हात सैल ठेवून पारदर्शक कागद अलगद धरायचा, बारीक मार्करने टिंब-रेघा उतरवायच्या आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यायचा, म्हणजे माप कळतं. म्हातारपणी कातडी सैल पडून तुळस वाकडी दिसते, टिंब फुलून वाटाण्याएवढे होतात. आज दिसतं तसं काढायचं की गोंदलं तेव्हा असेल तसं, हे आजीला विचारून ठरवा. तिला टिंब किती होते ते बहुधा आठवतं. कलाकाराने ते 'सुधारून' सरळ आणि सारखं केलं तर ते कुठल्याही कॅटलॉगमधलं चित्र होतं. आजीचंच जुनं गोंदण पुन्हा गडद करून द्या, अशी मागणीही येते. त्याला आम्ही नाही म्हणतो: त्या वयाची कातडी कागदासारखी पातळ असते, सुई जरा खोल गेली की शाई पसरून निळा डाग होतो, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तही लवकर थांबत नाही.